काकूंच्या पत्रकातली किडनी उंदराची होती

नवतपा लागला की भर दुपारी नागपुरात कोणी कोणाचं दार वाजवत नाही. त्यामुळे साडेतीनला कडी वाजली तेव्हा मी दचकलेच. शेजारच्या काकू होत्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काकांचे सगळे रिपोर्ट आणि वर एक चकचकीत पत्रक.

"तू उंदरांच्या किडन्यांचं काम करतेस ना बाई? मग हे पाहून दे बरं," पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधीच त्या म्हणाल्या. "काका कालपासून हेच घेऊन बसून राहिले आहेत."

काका निवृत्त शिक्षक. जन्मभर गणित शिकवलं. मधुमेह जुना, त्यातून किडन्या गेल्या, आणि आता सव्वा वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. पत्रक दूरच्या एका शहरातल्या क्लिनिकचं होतं. पोटाची चरबी काढणार, तिच्यातल्या स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) वेगळ्या करणार, सलाइनमधून परत देणार आणि किडनी 'पुन्हा जिवंत' होणार. खर्च साडेचार लाख. काकूंचा प्रश्न सरळ होता: एफडी मोडायची की नाही?

मी पत्रक उलटलं. मागच्या पानावर गुलाबी-जांभळे दोन फोटो होते, 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर'. दोन्हीत अख्खी किडनी उभी कापलेली दिसत होती, घेवड्याच्या दाण्यासारखी, आणि मधोमध खाली उतरणारं एकच टोक. माणसाच्या किडनीत अशी टोकं आठ-दहा असतात. शिवाय आपली किडनी मुठीएवढी, ती अख्खी सूक्ष्मदर्शकाच्या एका काचेवर मावतच नाही. उंदराची मावते. अशा शेकडो काचा मी स्वतः पाहिल्या आहेत, त्यामुळे मला क्षणभरही शंका आली नाही. फोटो उंदराच्या किडनीचे होते आणि पत्रकावर 'उंदीर' हा शब्द कुठेच नव्हता.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तो फोटो कुणाच्या तरी प्रयोगशाळेतून आला असणार. माझ्यासारख्याच कुणीतरी वर्ष-दोन वर्षं घालवून ती काच बनवली असणार. काकूंना त्या दुपारी मी जे सांगितलं ते तुटक-तुटक होतं, म्हणून इथे सगळं सलग लिहिते आहे.

मी शहराच्या कडेला एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. पीएचडीचं काम हेच होतं: औषधाने बिघडलेली रॅटची किडनी आणि चरबीतून काढलेल्या स्टेम सेल. (प्रयोगशाळेत आम्ही पांढऱ्या उंदराला रॅटच म्हणतो. घरी आईला उंदीर म्हणून सांगते.)

चरबी म्हणजे नुसता साठा, असं आपण धरून चालतो. १९६४ साली मार्टिन रॉडबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने रॅटची चरबी कोलॅजेनेझ नावाच्या एन्झाइममध्ये घोळवून तिच्यातल्या पेशी सुट्या करून दाखवल्या. त्यांना वर तरंगणाऱ्या, तेलाने भरलेल्या पेशी हव्या होत्या. तळाशी बसायचा तो गाळ. मग २००१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये निघालेल्या माणसाच्या चरबीतून तो गाळच वाढवला, आणि त्यातल्या पेशींना योग्य खुराक दिला तर त्या हाडाच्या, कूर्चेच्या, चरबीच्या, स्नायूच्या वाटेला लागतात हे दाखवलं. अस्थिमज्जेत अशा पेशी सापडतात हे आधीच माहीत होतं, पण तिथे त्या हजारो-लाखो पेशींत एखादी असतात आणि त्यांच्यासाठी हाडात सुई घालावी लागते. चरबीत त्या कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि चरबी द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

हे काम हातांनी करताना कसं दिसतं ते सांगते. रॅटच्या जांघेजवळची चरबी काढायची, दोन-तीन ग्रॅम. मिठाच्या द्रावणात धुऊन, बारीक कात्रीने ती चटणीसारखी होईपर्यंत कातरायची. मग कोलॅजेनेझ घालून ३७ अंशांच्या पाण्यात तास-पाऊण तास हलवत ठेवायची. हळूहळू तुकडे विरतात आणि नळीत पातळ केलेल्या तुपासारखं काहीतरी दिसायला लागतं. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलं की थर पडलेले असतात. वर तेल, खाली पिवळसर चरबीच्या पेशी, मग गढूळ पाणी, आणि अगदी तळाला लालसर ठिपका, कपाळावरच्या टिकलीएवढा. आपल्याला हवा तो एवढाच. पहिल्यांदा वरचं सगळं ओतून टाकताना माझा हात थरथरला होता, कारण ओतता ओतता टिकलीही निसटते. तिच्यातल्या रक्तपेशी फोडून उरलेल्या पेशी प्लास्टिकच्या बशीत सोडल्या की दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या बशीच्या तळाला चिकटल्या त्या आपल्या, बाकीच्या धुऊन टाकायच्या. चार दिवसांत त्या लांबट होतात, एका दिशेने वळतात, वाऱ्याने झुकलेल्या गव्हाच्या शेतासारख्या.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या तीन आठवड्यांच्या पेशी एका रात्रीत मेल्या. कारण साधं होतं आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पेशी ठेवायचा इन्क्युबेटर ३७ अंश राखतो म्हणतात, पण तो फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोली त्याच्यापेक्षा गार आहे हे तो गृहीत धरतो. मे महिन्यातल्या त्या शनिवारी रात्री वीज गेली. इन्क्युबेटर आणि डीप फ्रीजर बॅकअपवर होते, एसी नव्हता. बंद खोलीत फ्रीजर गरम हवा फेकत राहिला, आणि दिवसभर तापलेल्या गच्चीखालची ती खोली चाळिशीच्या पलीकडे गेली. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा पडद्यावर ४१ होते आणि सगळ्या पेशी गोल होऊन त्यांच्या खुराकाच्या द्रावणात तरंगत होत्या. ज्या थंड देशांत ही यंत्रं बनतात तिथे असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसेल. त्यानंतर एक छोटा एसी बॅकअपवर घ्यायला मला चार महिने अर्ज करावे लागले. पण तो घेतला.

आता प्रयोग. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं जुनं औषध आहे, अमेरिकेत १९७८ पासून वापरात. ते फार उपयोगी आहे, पण किडनीच्या नलिकांना झोंबतं. विशेषतः बाहेरचा आणि आतला भाग जिथे भेटतात तिथल्या नलिकेच्या पेशी ते शोषून घेतात आणि मरतात. म्हणूनच रुग्णांना हे औषध देताना आधी-नंतर भरपूर सलाइन चढवतात. रॅटला एकच डोस दिला की तीन ते पाच दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढतं. चोवीस तासांनी आम्ही एका गटाला शेपटीच्या शिरेतून दहा लाख पेशी द्यायचो, दुसऱ्या गटाला नुसतं द्रावण.

बिघाड सुरू झालाय हे रक्ताच्या रिपोर्टआधी मला आमच्या अॅनिमल हाऊसचे मामा सांगायचे. ते रोज पिंजऱ्यातला भुसा बदलतात. "मॅडम, थो चार नंबरचा पिंजरा पाहा. काल सांजच्याले बदलला, सकाळी पुरा ओला. गंज पाणी पिऊन राह्यले." बरोबर होतं ते. नलिका बिघडल्या की लघवी घट्ट करायची ताकद जाते, म्हणून रॅट सारखं पाणी पितं आणि भुसा भिजतो. मामा सातवी शिकलेले आहेत. माझ्या प्रबंधातल्या पाणी आणि लघवीच्या तक्त्याची कल्पना त्यांच्या त्या वाक्यातून आली, आणि आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव पहिलं घातलं आहे.

एक रॅट माझ्या हातून गेलं. शेपटी कोमट पाण्यात धरून शीर फुगवली होती, सुई नीट गेली, पेशी सोडल्या आणि ते धापा टाकायला लागलं. तीन मिनिटांत संपलं. मी बशीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवून घेतल्यावर बारीक जाळीतून गाळल्या नव्हत्या. त्यांचे गठ्ठे झाले होते आणि ते फुप्फुसात जाऊन अडकले. एकटी पेशीसुद्धा फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांपेक्षा जाड असते, मग गठ्ठ्याचं काय. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी गाळते आणि अर्धा मिलिलिटर द्यायला दोन मिनिटं घेते. त्या रॅटची नोंद प्रबंधात आहे, तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात.

पाचव्या दिवशी किडन्या काढल्या. पेशी मिळालेल्या रॅट्सचं क्रिएटिनिन कमी होतं. निरोगी रॅटइतकं नाही, पण नुसतं द्रावण मिळालेल्यांपेक्षा कमी. काचेखाली पाहिलं तर नलिका कमी फुगलेल्या, आत मेलेल्या पेशींचे बोळे कमी. मी त्या रात्री धरमपेठेतून गाडी चालवत घरी आले तेव्हा सगळे सिग्नल हिरवे वाटत होते.

मग एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने विचारलं, काचा कुणी मोजल्या? मी. कुठली काच कुठल्या गटाची हे माहीत होतं? होतं. तिने सगळ्या काचांवरची लेबलं झाकली, नवे आकडे टाकले आणि स्वतः मोजल्या. फरक उरला, पण माझ्या मोजणीत होता त्याच्या साधारण अर्धाच. मी खोटं केलं नव्हतं. ज्या काचेवर सुधारणा हवी होती तिथे माझी नजर चांगल्या नलिकांवर जास्त वेळ थांबली होती, इतकंच. प्रबंधात मी तिचे आकडे दिले. प्राण्यांवरच्या कामाचे निकाल वाचताना मी आता पहिल्यांदा हेच शोधते, मोजणाऱ्याला गट माहीत होता का. पुष्कळ ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं.

आणि ज्याने माझा सगळा विचार बदलला ते असं. एका छोट्या गटात मी चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या पेशी दिल्या आणि नंतर त्या कुठे गेल्या ते शोधलं. फुप्फुसात भरपूर. यकृतात, प्लीहेत काही. किडनीत? एका अख्ख्या छेदात शोधून शोधून दोन-चार. पुढच्या काही दिवसांत फुप्फुसातल्याही विरून जातात. जगभर ज्यांनी ज्यांनी हे तपासलं त्यांना साधारण असंच दिसलं आहे. म्हणजे चरबीतली पेशी किडनीत जाऊन किडनीची पेशी होते आणि भोक बुजवते हे चित्र बरोबर नाही. ती वाटेतच अडकते, थोडे दिवस जगते, आणि तेवढ्यात काही प्रथिनं आणि बारीक पुडक्या रक्तात सोडते. त्यातून सूज उतरते, मरायला टेकलेल्या पेशी तग धरतात, आणि किडनीच्या स्वतःच्या वाचलेल्या पेशी लवकर दुभंगून रिकाम्या जागा भरतात. काही प्रयोगांत पेशी न देता, त्या ज्यात वाढल्या ते पाणी नुसतं दिलं, तरी थोडाफार परिणाम दिसला. मला हे पेशींच्या जादूपेक्षा जास्त सुंदर वाटतं. पण ह्याचा अर्थ असा की दुरुस्ती करायला किडनीचं स्वतःचं काहीतरी शिल्लक पाहिजे.

काकांच्या बाबतीत सगळं इथेच अडतं. माझं रॅट दहा आठवड्यांचं, तरुण, धडधाकट. त्याला एक घाव बसला आणि चोवीस तासांत मदत मिळाली. काकांच्या किडनीवर वीस वर्षं साखरेचा मारा झाला. गाळण्या कडक झाल्या, नलिकांच्या जागी व्रण भरले. माणसाच्या एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, त्या जन्माआधीच तयार होऊन जातात आणि नंतर नवीन एकही बनत नाही. व्रणाच्या जागी नवी गाळणी उगवताना मी पाहिली नाही, उंदरातही नाही.

काकूंनी विचारलं, "मग सरकार बंद का नाही करत?" आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांत अस्थिमज्जेच्या किंवा रक्तातल्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकी सगळं संशोधन, आणि ते मंजुरी घेतलेल्या, नोंदणी केलेल्या चाचणीतच करायचं. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचा खर्च घ्यायचा नसतो. म्हणजे साडेचार लाख मागितले, इथेच उत्तर मिळालं.

जिथे रीतसर चाचण्या झाल्या तिथेही वाट खडतर आहे. क्रोन्स या आतड्याच्या आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या फिस्टुलासाठी, म्हणजे नळीसारख्या, न भरणाऱ्या जखमेसाठी, दात्याच्या चरबीतल्या स्टेम सेलचं एक औषध युरोपात २०१८ साली मंजूर झालं. या पेशींच्या इतिहासातला तो मोठा दिवस होता, आम्ही लॅबमध्ये बर्फी वाटली होती. पुढे मोठ्या चाचणीत ते तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२४ च्या शेवटी बाजारातून काढून घेतलं. मला वाईट वाटलं, पण व्यवस्था अशीच चालायला हवी. दुसरीकडे अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने पैसे घेऊन तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीच्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ साली डॉक्टरांनी ते प्रकरण वैद्यकीय मासिकात मांडलं. 'तुमचीच चरबी, त्यामुळे धोका नाही' हे वाक्य त्या पत्रकातही ठळक अक्षरात होतं. माझं ते तीन मिनिटांत गेलेलं रॅट मला आठवलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. काका खाटेवर बसले होते, हाताला फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसची सुई जिथे घालतात त्या जोडलेल्या शिरेवरची, पट्टी. कूलरच्या वाळ्याचा वास घरभर. मी त्यांना माझ्या काचांचे फोटो दाखवले. निरोगी, बिघडलेली, पेशी दिलेली. मग शेजारी पत्रक धरलं. त्यांनी चष्मा सारखा केला, एकच टोक बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "म्हणजे ही उंदराचीच."

मग त्यांनी वही मागितली.

"तुझं रॅट किती वजनाचं?"

"दोनशे ग्रॅम."

"आणि पेशी दहा लाख. मी साठ किलो." त्यांनी भागाकार केला, गुणाकार केला. "तीनशे पट. तीस कोटी पेशी झाल्या. हे लोक किती देणार आहेत?"

आम्ही पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. पेशींचा आकडा कुठेच नव्हता. रुपयांचाच होता.

काकांनी वही मिटली नाही. बराच वेळ ते बिघडलेल्या किडनीचा फोटो पाहत होते. मग विचारलं, "ज्यांना तू पेशी दिल्या नाहीस, ते उंदीर ठेवले असते तर?"

"पाचव्या दिवशी किडनी काढायची असते, काका."

"ते कळलं. ठेवले असते तर काय झालं असतं?"

मी खरं ते सांगितलं. सिस्प्लॅटिनच्या एका डोसातून वाचलेली रॅट्स दोन-तीन आठवड्यांत आपली आपण बरीच सावरतात, भुसाही कोरडा व्हायला लागतो. म्हणजे पेशींनी त्यांना बरं केलं, की जे होणारच होतं ते थोडं आधी झालं, हे पाच दिवसांच्या प्रयोगातून कळतच नाही. आणि सावरल्यासारख्या दिसणाऱ्या किडनीत पुढे व्रण कमी राहतात का, म्हणजे काकांच्या आजाराशी ज्याचा संबंध आहे, तो प्रश्न तर मी विचारलाच नव्हता.

"मग तोच विचार," काका म्हणाले. काकूंनी पत्रक घडी घालून रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायला कुठले कागद लागतात ते मला लिहून द्यायला लावलं. मंगळवारी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले. नाव घातलं आहे.

परवा नव्या प्रयोगाचा फॉर्म भरून प्राणी नैतिकता समितीकडे दिला. मोजणाऱ्याला गट माहीत नसेल, असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. रॅट्सची संख्या थोडी वाढते आहे, त्याचं कारण सविस्तर दिलं आहे, आणि समिती ते कमी करायला सांगेल तर त्याचीही तयारी ठेवली आहे. प्राणी किती दिवस ठेवणार, या रकान्यात मागच्या वेळी पाच होते. यंदा अठ्ठावीस लिहिले. फॉर्मवर सही करायच्या आधी मामांना विचारलं, अठ्ठावीस दिवस रोज भुशाची नोंद ठेवाल ना? ते म्हणाले, "तशी बी ठेवूनच राह्यलो मी, मॅडम. तुम्ही फक्त वही आणून द्या."